घुमटावर विणलेलं कापड बसवताना: सपाट पॅटर्न कुठे फसतो

प्रश्न थोडक्यात असा. भोसरीतल्या एका शेडमध्ये अँटेनाचं झाकण बनवायचं आहे. 300 मिलिमीटर व्यासाचा अर्धगोल साचा, चौरस मीटरला 300 ग्रॅमचं साध्या विणीचं ग्लास कापड, रेझिनचं (कापड घट्ट करणाऱ्या राळेचं) काम हाताने. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आरेखनात, पृष्ठभाग 'फ्लॅटन' (सपाट) करून मिळालेली गोल चकती प्लॉटरवर छापली आणि तसं कापड कापलं. साच्यावर घातल्यावर चार बाजूंना कापड दोन-अडीच सेंटिमीटर कमी पडलं. त्या चार बाजूंच्या मधोमध, काठाजवळ, चार ठिकाणी सुरकुत्या आल्या आणि रोलर कितीही फिरवला तरी त्या जात नाहीत. शेवटी विचारलंय, "सॉफ्टवेअर चुकतंय की आमचा हात?"

दोघांनाही दोष देता येणार नाही. सॉफ्टवेअरला विचारलेला प्रश्न चुकला. 'फ्लॅटन' किंवा 'स्क्विश' या जातीच्या आज्ञा पृष्ठभागाला रबराचा पातळ पापुद्रा समजतात. तो सगळ्या दिशांना सारखाच ताणला जाईल असं धरून, कमीत कमी ओढाताणीत त्याला टेबलावर पसरवतात. रबर, फोम, रेक्झिन, काही प्रमाणात चामडं यांना हे चालून जातं. विणलेलं कापड तसं वागतच नाही.

खिशातला सुती रुमाल काढा. उभ्या धाग्याच्या दिशेने ओढा, ढिम्म हलणार नाही. आडव्या धाग्यात ओढा, जवळजवळ तेच. आता समोरासमोरची दोन टोकं धरून उरेब, म्हणजे तिरकं, ओढा. सहज लांबतो आणि मधे निमुळता होतो. रुमालावर चौकटी असतील तर चौकोनांचे पतंग झालेले दिसतील. धागे तेच, त्यांची लांबी तीच, फक्त त्यांच्यातला कोन बदलला. वाकड्यातिकड्या पृष्ठभागावर बसायला विणलेल्या कापडाकडे एवढंच भांडवल आहे. आमच्या कंपोझिटच्या, म्हणजे कापड आणि रेझिनचे भाग बनवण्याच्या, धंद्यात याला शिअर म्हणतात आणि तो 90 अंशांपासून कोन किती ढळला यावर मोजतात.

कटोरी ब्लाउज शिवणाऱ्या बायकांच्या हाताला हे गणित ठाऊक असतं. कटोरीचा तुकडा उरेब कापायचा, आणि तरीही खालून टक्स घ्यायचा. उरेबमधून जेवढी गोलाई मिळते तेवढी घ्यायची, उरलेली टक्सने गिळायची. तुमच्या घुमटाचं काम याहून वेगळं नाही. उरेबमधून किती मिळेल आणि टक्समध्ये किती टाकायचं, एवढा हिशेब कॅडकडून करून घ्यायचा आहे.

या हिशेबाचा पाया फार जुना आहे. गोल पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट होऊच शकत नाही, हे गाउसच्या 1827 च्या सिद्धांतातून निघतं. पण कापडाचा प्रश्न त्याहून वेगळा, आणि तो 1878 साली पॅरिसमध्ये चेबिशेव या रशियन गणितज्ञाने मांडला. व्याख्यानाचा विषयच होता कपडे कसे कापावेत. त्याने कापडाकडे जाळी म्हणून पाहिलं. धागे लांबत नाहीत, गाठी (धागे एकमेकांवरून जातात त्या जागा) सरकत नाहीत, कोन मात्र मोकळे. 1956 मध्ये मॅक आणि टेलर यांनी हाच विचार वस्त्रोद्योगाच्या अंगाने मांडला: कापड म्हणजे खिळ्यांनी जोडलेल्या काड्यांची जाळी, गाठीपाशी काड्या फिरतात पण लांबत नाहीत. लिफ्टचं जुनं जाळीचं दार आठवा. आज फायबरसिम, कॅटियाचं कंपोझिट्स मॉड्यूल किंवा अशा इतर साधनांत 'ड्रेप' म्हणून जे बटण असतं, त्याच्या कायनेमॅटिक, म्हणजे फक्त भूमिती पाहणाऱ्या, प्रकाराच्या पोटात ही जाळीच असते. तुम्हाला हवं आहे ते हे बटण.

ते बटण आत काय करतं हे समजून घ्या, कारण त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. आधी तुम्ही पृष्ठभागावर एक बिंदू देता आणि एक दिशा देता. त्या बिंदूतून एक उभा आणि एक आडवा धागा पृष्ठभागावर सरळ पसरले जातात. म्हणजे झाली एक फुली. मग फुलीच्या प्रत्येक कोनाड्यात गाठी भरत जायच्या. दोन गाठी माहीत असल्या की प्रत्येकीभोवती धाग्याच्या तुकड्याएवढ्या त्रिज्येचा गोल कल्पायचा. ते दोन्ही गोल आणि पृष्ठभाग जिथे एकत्र छेदतात तिथे पुढची गाठ. असं काठापर्यंत. तुमच्यासारख्या भागाला 5 मिलिमीटरचा तुकडा पुरतो आणि उत्तर काही सेकंदांत येतं. परवाना परवडत नसेल तर गोल, लंबगोल असल्या नियमित आकारांसाठी हे पायथॉनमध्ये शंभर-दीडशे ओळींत लिहिता येतं. आमच्याकडे आलेल्या एका मुलाने दोन दिवसांत लिहून दाखवलं होतं, आणि ते अजून वापरात आहे.

आता तुमच्या घुमटाचे आकडे. यात एक फार सोपा नियम आहे आणि तो कॅड शिकवणाऱ्या वर्गांत सहसा सांगत नाहीत. फुलीचे दोन धागे पृष्ठभागावर सरळ गेले असतील, तर कुठल्याही गाठीवरचा शिअर म्हणजे फुलीपासून त्या गाठीपर्यंतच्या कापडाच्या चौकोनाखाली जमा झालेली एकूण वक्रता. गोलावर ती मोजायला सोपी: त्या चौकोनाने झाकलेलं क्षेत्रफळ भागिले त्रिज्येचा वर्ग, उत्तर रेडियनमध्ये. शिखरापासून निघालात, दोन्ही दिशांना त्रिज्येच्या 0.7 पट धागा मोजलात (तुमच्या 150 मिलिमीटर त्रिज्येला 105 मिलिमीटर), तर त्या गाठीवर शिअर सुमारे 28 अंश. 0.85 पट गेलात तर 40 अंश. 0.9 पट गेलात तर 45 अंशांच्या आसपास. शिअर सावकाश सुरू होतो आणि काठाकडे झपाट्याने चढतो, त्यामुळे वरचा निम्मा घुमट नेहमी झकास बसतो आणि माणूस फसतो.

फुलीच्या धाग्यांवरून शिखरापासून काठापर्यंत चाललात तर धागा लागतो घुमटाच्या पाव परिघाएवढा, म्हणजे 236 मिलिमीटर. धाग्याला लांबायची सोय नाही, तेव्हा सपाट कापडातही 236 च हवेत. उरेब दिशेने गेलात तर कापड लांबतं, म्हणून सपाट कापडात तिथे साधारण 208 मिलिमीटर पुरतात. थोडक्यात खरा पॅटर्न गोल नसतोच. चार दिशांना बाहेर आलेला आणि उरेब बाजूंना आत गेलेला, काहीसा पुरणपोळी चार कोपऱ्यांतून ओढल्यासारखा तो दिसतो. तुम्ही क्षेत्रफळ जुळणारी चकती कापली, तिची त्रिज्या 212 च्या आसपास. 236 वजा 212 करा. चार बाजूंना जे कमी पडलं ते हेच 24 मिलिमीटर.

सुरकुत्यांचंही उत्तर यातच आहे. उरेब रेषेवर, थेट काठाशी, शिअर 52 अंशांवर जातो. साध्या विणीचं 300 ग्रॅमचं कापड तिथवर जाणार नाही. धागे एकमेकांना टेकतात, त्यांच्यात जागा उरत नाही, आणि पुढचा जास्तीचा भाग पृष्ठभाग सोडून वर उठतो. या मर्यादेला लॉकिंग म्हणतात. साध्या विणीची बरीच कापडं 35 ते 45 अंशांत अडकतात. 40 धरला तर तुमच्या घुमटावर शिखरापासून उरेब रेषेने 200 मिलिमीटरपर्यंत सगळं सुरळीत आणि शेवटच्या साडेतीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात सुरकुती, असं गणित म्हणतं. पाठवलेल्या फोटोंत सुरकुत्या तिथेच आहेत. साच्याला, कापडाला आणि कामगाराला, तिघांनाही दोषमुक्त करायला हरकत नाही.

इथपर्यंत पुस्तकी भाग झाला. खरा घोळ इथून पुढे असतो.

ड्रेपचं बटण दाबून मिळालेला पॅटर्न हा त्या पृष्ठभागाचा पॅटर्न नसतो. तो त्या पृष्ठभागाचा, त्या सुरुवातीच्या बिंदूचा आणि त्या दिशेचा पॅटर्न असतो. फुली दहा सेंटिमीटर सरकवली की पॅटर्न बदलतो, शिअरचे लाल डाग दुसरीकडे जातात. दिशा 20 अंश फिरवली की पुन्हा बदलतो. आणि साच्यावर कामगाराने कापड वेगळ्या जागेपासून लावायला घेतलं, तर कागदावर अचूक असलेला पॅटर्न प्रत्यक्षात चुकीचा ठरतो. मी लोकांना सगळ्यात जास्त वेळा सांगतो ते हेच, आणि सगळ्यात कमी ऐकलं जातं तेही हेच.

सुरुवातीच्या काळात चिंचवडच्या एका शेडमध्ये आम्ही बसच्या पुढच्या भागाचा पॅनेल करत होतो. सहा थर, प्रत्येकाचा पॅटर्न कापून ठेवलेला. सकाळच्या पाळीचे भाग उत्तम यायचे, रात्रपाळीचे डाव्या कोपऱ्यात कमी पडायचे. आधी आम्ही कापडाच्या रोलवर संशय घेतला. मग प्लॉटरवर. मग, खोटं कशाला बोलू, रात्रपाळीच्या माणसांवर. तीन आठवडे गेले. शेवटी मी एका रात्री तिथेच थांबलो आणि नुसतं बघत बसलो. सकाळचे काका साच्याच्या मध्यरेषेवर कापड ठेवून दोन्हीकडे सारवत जायचे. रात्रीचा पोरगा बुटका, त्याचा हात मध्यरेषेपर्यंत नीट पोचत नव्हता, म्हणून तो खालच्या काठापासून लावत वर यायचा. दोघांचं काम स्वच्छ होतं, कापड सारखंच होतं. फक्त फुली वेगळ्या जागी पडत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही एक लाकडी चौरंग केला आणि प्रश्न संपला.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक पॅटर्नवर फुली छापलेली असते, उभ्या धाग्याचा बाण असतो, आणि साच्याच्या कडेला, ट्रिमच्या (शेवटी कड कापायच्या रेषेच्या) बाहेरच्या भागात, त्या फुलीच्या चार टोकांच्या खुणा कोरलेल्या असतात. विमानाच्या भागांचं काम करणारे लेझर प्रोजेक्टरने साच्यावर रेषा पाडतात. आपल्याला चार कोरलेल्या खुणा आणि एक दोरा पुरतो.

मग फुली कुठे ठेवायची? घुमटाला हा प्रश्न सोपा आहे, शिखरावर. इतर भागांना मात्र डोकं लावावं लागतं. वर सांगितलेला नियम इथे कामाला येतो: फुलीपासून गाठीपर्यंतच्या चौकोनात जेवढी वक्रता पडेल तेवढा शिअर. तेव्हा वक्रतेच्या जागा फुलीच्या धाग्यांनी दुभागल्या जातील असं बघायचं, म्हणजे ओझं दोन कोनाड्यांत वाटलं जातं. फुली एका टोकाला ठेवली तर सगळ्या भागाची वक्रता एकाच कोनाड्यात साठत जाते आणि शेवटचा कोपरा बोंबलतो. खोगिरासारख्या उलट्या वक्रतेच्या जागी शिअर उलट दिशेने जातो, म्हणजे फुगवटा आणि खोगीर एकापाठोपाठ असतील तर त्यांचा हिशेब काही प्रमाणात फिटतो. नळकांडं आणि शंकूचा उतार एकाच दिशेने वळतात, म्हणून या हिशेबात त्यांना वक्रता शून्य, तिथे कापडाला काही त्रासच नाही. मोटारसायकलच्या फेअरिंगमध्ये (बाहेरच्या आवरणात) हे तिन्ही प्रकार शेजारी-शेजारी असतात, म्हणून तिथे नुसत्या नजरेने जमत नाही.

आपल्याकडे चाकण-भोसरी पट्ट्यात घुमट कमी आणि ट्रे जास्त बनतात, म्हणून पेटीच्या कोपऱ्याबद्दल थोडं. तीन भिंती काटकोनात मिळतात त्या कोपऱ्यात एकूण वक्रता नेहमी 90 अंशांएवढी असते. कोपऱ्याला 5 मिलिमीटरची गोलाई द्या की 50 ची, बेरीज तीच. मोठ्या गोलाईने ती पसरते फक्त, कमी होत नाही. डिझाइनवाले गोलाई वाढवून देतात आणि विचारतात, आता बसेल ना? सुरकुती थोडी सौम्य होते, जात नाही. धागे पेटीच्या कडांना समांतर ठेवले तर त्या कोपऱ्याची सगळी वक्रता एकाच कोनाड्यात येते, म्हणजे कोपऱ्याच्या पलीकडे शिअर 90 अंश हवा, म्हणजे उभा-आडवा धागा एकमेकांवर आडवे झाले पाहिजेत. कुठलंच कापड ते करणार नाही. तिथे चीर द्यावीच लागते. गादीला चादर घालताना कोपऱ्यात घडी का घालावी लागते, त्याचं कारणही हेच. पण तेच कापड 45 अंशांत फिरवून एक धागा थेट कोपऱ्यावरून उतरवला, तर 90 चे दोन भाग होतात, प्रत्येक बाजूला 45. मऊ ट्विल किंवा सॅटिन (साध्या विणीपेक्षा मोकळ्या विणी) असेल तर हे निभतं. ट्रे फार खोल नसेल तर चारही कोपरे असे विनाचीर काढता येतात. थरांच्या दिशांचा आग्रह धरणारा स्ट्रेस (मजबुतीचा हिशेब करणारा) विभाग यावर कुरकुर करेल, ती कुरकुर खरी आहे, आणि तिथे बसून बोलण्याला पर्याय नाही.

लॉकिंगचा कोन सॉफ्टवेअरला कुठून द्यायचा? बहुतेक जण आधीपासून भरलेला आकडा तसाच ठेवतात आणि मग रंगीत चित्रावर विश्वास ठेवतात. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे जपून, लाल म्हणजे गेलं. हे रंग त्या आकड्यावरूनच ठरतात. तुमच्या रोलचा आकडा तुम्हीच काढा, अर्ध्या तासाचं काम आहे. कापडाची 45 अंशांत, म्हणजे पूर्ण उरेब, 100 मिलिमीटर रुंद आणि 300 लांब पट्टी कापा. कडा सुटू नयेत म्हणून टोकांना टेप लावा. पट्टीच्या मधोमध मार्करने धाग्यांना समांतर असे तीन-चार चौकोन काढा. दोन्ही टोकं लाकडी पट्ट्यांत आवळा, एक टोक टांगा आणि खालून हळूहळू ओढत मोबाइलवर समोरून फोटो घेत जा. चौकोनांचे पतंग होत जातील. ज्या फोटोत मधला भाग पहिल्यांदा पन्हाळीसारखा वळू लागतो, त्यातल्या पतंगाचा अरुंद कोन मोजा. 90 मधून तो वजा केला की तुमचा लॉकिंग कोन. ताळा पाहायचा तर: धागे सरकले नाहीत तर या मापाची पट्टी 40 अंशांच्या शिअरला सुमारे 56 मिलिमीटर लांबलेली असते. पट्टीचं माप आणि फोटोतला कोन जुळत नसेल तर गाठी सरकताहेत, तेव्हा फोटोवरच भरवसा ठेवा. पट्टी लांबीला रुंदीच्या दुपटीपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर मधे शुद्ध शिअरचा पट्टाच मिळत नाही.

फायनाइट एलिमेंटवाल्या, म्हणजे ताण आणि घर्षणही मोजणाऱ्या, फॉर्मिंग सॉफ्टवेअरची गरज तुम्हाला नाही. प्रेसमध्ये गरम थर्मोप्लास्टिक शीट दाबायची असेल, कडेला पकड असेल, घर्षण महत्त्वाचं असेल, तिथे ती हवीत. हाताने बसवलेल्या कापडाला कायनेमॅटिक ड्रेप पुरतो, कारण तिथे घर्षण आणि ताण माणसाच्या बोटांत असतात.

वजनाकडे मात्र लक्ष द्या, कारण तुमचा भाग अँटेनाचं झाकण आहे. (ग्लास निवडलंत ते बरं केलंत, कार्बन रेडिओलहरी अडवतो. हे सांगायची वेळ माझ्यावर एकदा आली आहे, भाग तयार झाल्यावर.) शिअर झाला की तेवढेच धागे कमी जागेत येतात, आणि चौरस मीटरमागे वजन शिअरच्या कोसाइनने भागल्याएवढं वाढतं. तुमचं 300 ग्रॅमचं कापड 30 अंशांवर 346 ग्रॅमचं होतं, 40 वर 392 चं, आणि 52 पर्यंत गेलंच तर 487 चं. जाडीही वाढते. काठाला जाडी मोजाल तर चार ठिकाणी जास्त आणि चार ठिकाणी कमी निघेल. तो रोलरचा दोष नाही. लहरींना जाडीतला हा फरक कळतो, तेव्हा ग्राहकाला जाडीची मर्यादा आधी विचारून घ्या. व्हॅक्यूमने रेझिन ओढायचं ठरलं तर त्या दाट जागी रेझिन सावकाश जातं, तिथे कोरडे डाग राहतात.

कॅडमधल्या तयारीबद्दल फार लिहीत नाही, पण तीन चुका रोज दिसतात. पहिली, भागाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ड्रेप चालवतात आणि कापड मात्र साच्याला टेकतं तो पृष्ठभाग दुसराच असतो. पातळ घुमटाला फरक किरकोळ, जाड भागाला नाही. दुसरी, पृष्ठभागाचे तुकडे नीट शिवलेले नसतात. डोळ्यांना न दिसणारी फट असते आणि ड्रेप तिथेच थांबतो किंवा, त्याहून वाईट, उडी मारून पुढे जातो. तिसरी चूक हास्यास्पद वाटेल, पण मी तिच्यापायी अख्खा रोल वाया गेलेला पाहिला आहे: पॅटर्नच्या रेषांची डीएक्सएफ फाइल मिलिमीटरची, कटरवर वाचली इंचांत. प्रत्येक पॅटर्नच्या कोपऱ्यात 100 मिलिमीटरचा चौकोन छापा आणि कापायच्या आधी पट्टीने मोजा. पट्टी मात्र स्टीलची घ्या. तुळशीबागेतून आणलेल्या कापडी टेपने मोजून वाद घालायला आलेले लोक मला भेटलेत.

तुमच्या कामाला मी असं करेन. साध्या विणीचं 300 ग्रॅमचं कापड बाजूला ठेवून 200 ग्रॅमच्या ट्विलचे दोन थर घ्या. ट्विलमध्ये धाग्यांच्या गाठी कमी, त्यामुळे साधारण जास्त शिअर मिळतो. 52 पर्यंत जाईल की नाही ते तुमचा रोल सांगेल, वरची चाचणी करा. गेला तर अर्धगोल एकाच तुकड्यात निघेल. 45 ला अडकला तर शेवटचे दोन-अडीच सेंटिमीटर उरेब रेषेवर चार टक्स लागतील. टक्स म्हणजे चीर देऊन एक कड दुसरीवर चढवायची, आम्ही निदान एक इंच चढवतो, कारण चीर दिली की तिथला धागा भार नेत नाही. दुसरा थर पहिल्याच्या तुलनेत 45 अंशांत फिरवा. म्हणजे पहिल्याच्या टक्सवर दुसऱ्याचा सरळ धागा येईल, दाट जागा एकावर एक चढणार नाहीत आणि काठाची जाडीही बरीच सारखी होईल. दुसऱ्या थराचा पॅटर्न वेगळा काढायची गरज नाही, घुमट गोल आहे, तोच पॅटर्न फिरवून चालेल. पॅटर्नच्या बाहेर सगळीकडे 20 मिलिमीटर ट्रिम सोडा. ग्लासच्या कडा सुटतात, आणि ओढायला बोटांना काहीतरी लागतं.

रेझिन लावण्याआधी एकदा कोरडं करून बघा. मांजरपाटावर करू नका. ब्लाउजच्या ट्रायलला मांजरपाट ठीक, पण त्याचा लॉकिंग कोन तुमच्या ग्लासशी जुळणार नाही. त्याच रोलचा तुकडा घ्या, त्यावर मार्करने 20 मिलिमीटरची चौकट आखा, धाग्यांना समांतर. फुली शिखरावर ठेवा, फुलीचे चार धागे खुणांवर सरळ उतरवून काठाला टेपने धरा, मगच मधले चार कोनाडे वरून खाली बसवत या. शिखरापासून उरेब रेषेवर 150 मिलिमीटर मोजा आणि तिथल्या चौकोनाचा कोन बघा. शिअर 25 अंश अपेक्षित आहे, म्हणजे पतंगाचा अरुंद कोन 65 च्या आसपास. 75 भरला तर कापड अजून पुरतं तिरपं झालेलं नाही आणि ते जास्तीचं काठाशी सुरकुती होऊन निघेल. अशा वेळी फुलीचे धागे ओढू नका, ते लांबणार नाहीत. उरेब रेषेवरची कड धरून खाली ओढा आणि तळहाताने वरून सारवा.

हा आकडा तुमच्या हाताशी जुळला की पॅटर्न छापा.